खाडीकाठच्या घरात जर्बिल: जोडी लावण्याआधीची तयारी

ऐरोलीला खाडीच्या बाजूच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर राहणाऱ्या एका गृहस्थांनी जूनच्या अखेरीस मला तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांनी एप्रिलमध्ये एका दुकानातून दोन जर्बिल, म्हणजे उंदीरवर्गातले छोटे पाळीव प्राणी, ‘दोन्ही माद्या’ म्हणून घेतले. आता त्यांतला एक दुसऱ्यापेक्षा बराच थोराड दिसू लागला आहे आणि तो नर असावा अशी त्यांना शंका आहे. तसे असेल तर या जोडीपासून पिल्ले घ्यावीत का आणि कशी, हा पहिला प्रश्न. पाऊस सुरू झाल्यापासून दोघांच्याही नाकाजवळचे केस झडू लागले असून तेथे लालसर डाग दिसतो, त्यावर काय करावे, हा दुसरा. आणि पुढे डेगू (चिलीतला, उंदीरवर्गातलाच एक प्राणी) किंवा जाड शेपटीचा जर्बिल, म्हणजे ड्यूप्रासी, आणावा का, हा तिसरा. मी ठाण्यात नौपाड्यातल्या घरी गेली सोळा वर्षे जर्बिल आणि छोटे हॅमस्टर पाळतो आहे आणि त्यांची पिल्लेही वाढवली आहेत. त्या अनुभवावरून हे उत्तर देतो. क्रम मात्र बदलतो, कारण नाकाचा प्रश्न सुटल्याशिवाय पिल्लांचा विचारच करता येणार नाही.

जर्बिल हा मंगोलिया आणि उत्तर चीनमधल्या कोरड्या, निमवाळवंटी माळांवरचा प्राणी आहे. १९३५ साली अमूर नदीच्या खोऱ्यातून धरलेल्या २० जोड्या जपानमध्ये नेण्यात आल्या, आणि त्यांच्या वंशातल्या ११ जोड्या १९५४ साली अमेरिकेत व्हिक्टर श्वेंटकर यांच्या संशोधन-प्राणी केंद्रात पोहोचल्या. आज जगभरच्या घरांत दिसणारे जर्बिल बहुतांशी याच मूठभर प्राण्यांचे वंशज आहेत. इतक्या पिढ्या माणसाजवळ काढूनही त्यांचे शरीर माळावरचेच राहिले आहे. ते पाणी जपून वापरतात, दिवसाकाठी लघवीचे काही थेंबच टाकतात, आणि म्हणूनच त्यांना ठेवण्याच्या काचेच्या टाकीला, ती नीट ठेवली तर, वास येत नाही. असा प्राणी आपण जुलै महिन्यात खाडीकाठी ठेवतो, जेथे खिडकी उघडी असली की खोलीतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि सुकत घातलेले टॉवेल दोन दिवस ओले राहतात. जर्बिलला ५० टक्क्यांच्या वरची आर्द्रता सोसत नाही. तुमच्या जर्बिलांच्या नाकावरचा डाग हा बहुधा त्याचाच परिणाम आहे.

माझ्याकडे पहिल्या पावसाळ्यात नेमके हेच झाले होते. नाकपुडीच्या कडेला सुकलेल्या रक्तासारखे काही तरी दिसत होते, पोटाजवळची लव तेलकट होऊन चिकटली होती आणि पाठीवरचे केस झाडणीच्या कुंच्यासारखे उभे राहिले होते. ज्या दुकानातून मी तो प्राणी आणला होता तेथे विचारल्यावर एक मलम हातात ठेवण्यात आले, आणि मी ते आठवडाभर इमानाने लावले. जखम वाढली, कारण मलम चाटून काढण्यासाठी तो नाक आणखी खाजवत राहिला. ते रक्त नव्हतेच. जर्बिलच्या डोळ्यामागे एक ग्रंथी असते, तिच्यातून पॉर्फिरिन नावाचे लालसर द्रव्य असलेला स्राव नाकावाटे बाहेर येतो, आणि जर्बिल तो पंजांनी अंगभर पसरवून मग वाळूत लोळून साफ करतो. हवा दमट असली, वाळू नसली किंवा प्राणी ताणाखाली असला की हा स्राव नाकाशी साठतो, त्वचेला टोचतो, खाज सुटते आणि केस जातात. पुढे त्या जागी जंतुसंसर्ग होतो. खात्री करायची असेल तर नोटा तपासण्याचा अतिनील दिवा अंधारात नाकासमोर धरून पाहा: पॉर्फिरिन असेल तर डाग लालसर गुलाबी चमकतो, रक्त तसे चमकत नाही.

उपाय हवेवर करायचा आहे. दोन-चारशे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक आणा आणि तो भिंतीवर न लावता टाकीच्या आत, भुशाच्या पातळीला ठेवा, कारण बिळातली हवा खोलीपेक्षा नेहमी दमट असते. टाकी ज्या खोलीत एसी आहे तेथे हलवा आणि जून ते सप्टेंबर एसी ‘ड्राय’ मोडवर, २६ अंशांच्या आसपास ठेवा. रात्रभर एसी चालवणे परवडत नसेल तर छोटे डीह्युमिडिफायर यंत्र घ्या. मी स्वतः तेच वापरतो, आणि बंद खोलीत ते आर्द्रता पन्नाशीच्या आत आणते. एसी किंवा पंख्याचा झोत थेट टाकीवर येऊ देऊ नका. नाक कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने दिवसातून एकदा अलगद टिपा, बाकी काही लावू नका. जखम ओली असेल किंवा आठ-दहा दिवसांत सुकली नाही तर पशुवैद्यांकडे न्या, आणि जाताना एक गोष्ट स्वतःहून सांगा: जर्बिलला स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक विषारी ठरते. पुढे हॅमस्टर आणलात तर त्याच्या बाबतीत पेनिसिलिन आणि अँपिसिलिन या गटातली औषधे आतड्यातले उपयुक्त जंतू मारून प्राणघातक होऊ शकतात, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य कुत्र्या-मांजरांत वाकबगार असतात आणि इतके छोटे प्राणी त्यांच्यासमोर क्वचितच येतात, त्यामुळे ही माहिती सांगण्यात संकोच करू नये. चांगले डॉक्टर ती आनंदाने ऐकतात.

वाळू ही जर्बिलची आंघोळ आहे आणि ती रोज हवी. चिंचिला या दाट केसांच्या उंदीरवर्गीय प्राण्यासाठी मिळणारी पिठासारखी पूड फुफ्फुसात जाते, ती नको. रंगीत किंवा कॅल्शियमची वाळूही नको. मी बांधकामाची बारीक रेती आणून, पाणी निवळ येईपर्यंत सात-आठ वेळा धुऊन, गच्चीवर कडक उन्हात वाळवून, जुन्या कढईत भाजून, आधी मैद्याच्या चाळणीने धूळ काढून आणि मग रव्याच्या चाळणीने खडे काढून वापरतो. एका काचेच्या वाडग्यात तीन बोटे भरेल इतकी पुरते. पावसाळ्यात ती दर चार दिवसांनी पुन्हा गरम करून घ्यावी, कारण दमटलेली वाळू केसांना साफ करण्याऐवजी चिकटते.

घर म्हणून तारेचा पिंजरा नको, काचेची टाकी हवी. जर्बिल खणतो, खणायला मिळाले नाही की कोपरा उकरत राहतो, आणि ती सवय एकदा लागली की मोठ्या जागेतही सुटत नाही. दोन प्राण्यांसाठी निदान तीन फूट लांबीची टाकी घ्या. माशांच्या टाक्या बनवणाऱ्यांकडे गळकी म्हणून बाजूला ठेवलेली टाकी निम्म्या किमतीत मिळते, आणि आपल्याला पाणी भरायचे नसल्यामुळे ती चालते. वर पाव इंची भोकांची लोखंडी जाळी लाकडी चौकटीत बसवून झाकण करा. त्याहून मोठ्या भोकांतून पिल्ले बाहेर पडतात आणि प्लास्टिकची जाळी एका रात्रीत कुरतडली जाते. आत निदान दहा इंच भरण घाला. सुताराकडचा भुसा वापरायचा तर तो कोणत्या लाकडाचा आहे हे विचारूनच घ्या: प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा गोंदामुळे, देवदाराचा त्यातल्या तेलामुळे आणि सागाची बारीक पूड नाकाला झोंबते म्हणून बाद. वास नसलेल्या लाकडाच्या रंध्याने निघालेल्या सालपटी चांगल्या. त्यांत एक तृतीयांश सुके गवत किंवा भाताचा पेंढा मिसळला की बिळे ढासळत नाहीत. पेंढा मुरबाड-शहापूरकडून येतो तो स्वस्त आणि उत्तम असतो, पण त्यात किडे व उंदरांची घाण असू शकते, म्हणून तो उन्हात तापवून आणि दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच वापरावा. घरट्यासाठी साधा टिश्यू पेपर फाडून द्या. कापूस देऊ नका, त्याचे धागे पिल्लांच्या पायांना आवळतात.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे आपण नशीबवान आहोत. वाशीच्या घाऊक बाजारात किंवा कुठल्याही भुसार दुकानात बाजरी, ज्वारी, राळे, वरी आणि जव सहज मिळतात, आणि त्यांचे मिश्रण हेच जर्बिलचे मुख्य अन्न. मोठ्या प्राण्याला दिवसाला आठ-दहा ग्रॅम पुरते. सूर्यफुलाच्या बिया एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नकोत. जर्बिल त्याच वेचून खातो, त्या तेलकट असतात आणि त्यांत कॅल्शियम कमी असते. गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला अधिक प्रथिने लागतात, तेव्हा एकदिवसाआड हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा मोड आलेले मूग द्यावेत. एक सावधगिरी मात्र आपल्या घरांसाठी खास आहे: साठवणीच्या धान्याला अनेक घरांत बोरिक पावडर किंवा एरंडेल लावलेले असते. ते धान्य यांच्यासाठी वापरू नका. वेगळे, काही न लावलेले धान्य थोडे थोडे आणा आणि पावसाळ्यात बुरशीचा वास आला की सगळे टाकून द्या.

आता पहिला प्रश्न. प्राणी हातात घेताना शेपटीला कधीही धरू नका. माझ्या भाच्याने एकदा पळत्या जर्बिलला शेपटीच्या टोकाला पकडले आणि क्षणात शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून त्याच्या चिमटीत राहिली. उघडी पडलेली हाडे पुढे सुकून गळाली आणि ती शेपटी पुन्हा आली नाही. प्राण्याला दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या, पारदर्शक डब्यात ठेवा आणि डबा उचलून खालून पाहा. नरात मूत्रद्वार आणि गुदद्वार यांतले अंतर साधारण एक सेंटिमीटर असते, मादीत त्याच्या निम्मे. वयात आलेल्या नराच्या शेपटीच्या बुडाशी गडद फुगीर वृषणकोशही दिसतो, त्यामुळे तीन महिन्यांच्या पुढच्या प्राण्यात चूक होण्याचे कारण नाही. दुकानात मात्र पाच आठवड्यांची पिल्ले घाईत वेगळी केली जातात आणि चुका होतात.

तुमचा एक नर निघालाच, तर माझे स्पष्ट मत असे की या जोडीपासून पिल्ले घेऊ नयेत. एकाच दिवशी, एकाच टाकीतून, एकाच आकाराचे म्हणून आणलेले दोन प्राणी बहुधा सख्खी भावंडे असतात. वर सांगितले त्याप्रमाणे या साऱ्या वंशाचे मूळच अरुंद आहे. त्यात आपल्याकडे येणारे जर्बिल मोजक्याच ठिकाणांहून येतात, आणि भावंडांची जोडी लावून आपण ते अधिक अरुंद करतो. दोघांना लगेच जाळीच्या पडद्याने वेगळे करा. त्याच टाकीत मधोमध दोन जाळ्या अर्ध्या इंचाच्या अंतराने उभ्या करा, म्हणजे एकमेकांचा वास आणि आवाज मिळत राहील पण दातांना पलीकडचा पाय सापडणार नाही. जर्बिल कळपातला प्राणी आहे, त्याला कायम एकटे ठेवणे क्रूरपणाचे आहे. म्हणून पुढे नराला सात-आठ आठवड्यांचा एक नर आणि मादीला तेवढीच एक मादी सोबतीला द्यावी. मोठा नर लहान पिल्लाला सहसा पटकन स्वीकारतो. माद्यांना जास्त वेळ लागतो.

मात्र ती आधीच गाभण असण्याची शक्यता आहे. गर्भकाळ २४ ते २६ दिवसांचा असतो आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत पोट फारसे दिसत नाही. मादी घरट्यासाठी कागद ओढू लागली, सोबत्याला दूर सारू लागली, तर समजावे. वेगळे केल्यापासून २६ दिवस उलटेपर्यंत तिची टाकी हलवू नका, सगळे भरण बदलू नका. व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते, आणि नर जवळ असेल तर त्याच रात्री दुसरे वेत राहते. पाजत असलेल्या मादीत तो गर्भ उशिरा रुजतो, त्यामुळे दुसरे वेत कधी कधी चाळीस दिवसांनीही येते आणि पाळणारा चकित होतो. म्हणूनच नर व्यायच्या आधी पडद्यापलीकडे गेलेला हवा.

एका वेतात साधारण चार ते सहा पिल्ले होतात. जन्मतः ती शेंगदाण्याच्या दोन दाण्यांएवढी, केस नसलेली, डोळे-कान मिटलेली असतात आणि त्यांचे वजन जेमतेम तीन ग्रॅम असते. मी पहिल्या दिवशी फक्त ऐकतो. घरट्यातून बारीक, तुटक चिवचिव येत असते. ती चालू असेल आणि मादी आत जाऊन-येऊन असेल तर सारे ठीक आहे. दुसऱ्या दिवशी मादी वाळूत लोळायला बाहेर आली की तिच्याच टाकीतला भुसा हातांना चोळून, कागद एका बोटाने बाजूला करून पिल्ले मोजतो आणि पोटे पाहतो: दूध प्यालेल्या पिल्लाच्या पातळ कातडीतून डाव्या बाजूला पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. पट्टा नसलेले पिल्लू दोन दिवस सलग दिसले तर ते सहसा वाचत नाही, आणि त्याला वेगळे काढून पाजण्याच्या प्रयत्नात बाकीच्यांना धोका होतो. हे मला स्वीकारायला फार वर्षे लागली. आठवड्याभरात लव येते, सोळा ते वीस दिवसांत डोळे उघडतात, आणि डोळे उघडण्याच्या सुमारास पिल्ले दाणे कुरतडू लागतात. पाण्याच्या बाटलीची नळी तेव्हा खाली आणायला विसरू नका. चांगली वाढलेली पिल्ले केवळ नळी उंच राहिल्याने गेल्याचे मी पाहिले आहे. चार आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये, आणि मी स्वतः सहा आठवडे ठेवतो, कारण भांडणे मिटवण्याची रीत ती याच दिवसांत शिकतात. त्यानंतर नर आणि माद्या वेगळ्या करायच्या.

खरोखरच वंश वाढवायचा असेल तर नवी, नाते नसलेली जोडी नोव्हेंबरसाठी जुळवा. परदेशी पुस्तकांत जर्बिल वर्षभर वितात असे लिहिलेले असते आणि ते तेथे खरेही आहे. ठाणे-नवी मुंबईत मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आपले खरे दिवस. ऑक्टोबरचा उकाडा सरलेला असतो, हवा कोरडी असते, एसी लागत नाही, वीज गेली तरी काही बिघडत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जोडी एकत्र आली तर डिसेंबरात पहिले वेत येते, जानेवारीच्या अखेरीस पिल्ले घरी द्यायला तयार होतात आणि मार्चच्या उन्हाआधी मादीला विश्रांती मिळते. मी वर्षाला एका मादीची दोन वेते घेतो, त्याहून जास्त नाही, आणि दीड वर्ष उलटल्यावर तिला थांबवतो.

अनोळखी मोठे जर्बिल थेट एकत्र सोडले तर एकमेकांना ठार मारू शकतात. त्यांच्यासाठी तोच दुहेरी जाळीचा पडदा वापरा, आणि दिवसातून दोन-तीन वेळा दोघांच्या जागांची अदलाबदल करा, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याच्या वासात झोपतो. आठ-दहा दिवसांनी, दोघेही जाळीला पाठ टेकून शांत झोपू लागले की, सुट्टीच्या दिवशी सकाळी पडदा काढा आणि दिवसभर जवळ बसा. हातात जाड मोजा असू द्या. नाकाला नाक, अंग चाटणे, थोडा पाठलाग हे चालेल. दोघे भांडत, एकमेकांना गुंडाळून गोळा होऊन लोळू लागले तर क्षणाचाही विलंब न करता मोज्याच्या हाताने वेगळे करा आणि पुन्हा पडद्यापासून सुरुवात करा. संध्याकाळी मादी माजावर असेल तर तुम्हाला तो आवाज ऐकू येईल: नर मागच्या दोन्ही पायांनी ठरावीक लयीत जमीन बडवतो, बंद दारावर कोणी हलकेच टकटक करावे तसा. माझ्या घरात आता तो सगळ्यांना ओळखू येतो.

जोडी निवडताना रंगाआधी स्वभाव आणि प्रकृती पाहा. काही जर्बिलांना हाताळताना किंवा नव्या जागी झटके येतात: कान मागे जातात, अंग थरथरते, मिनिटभरात प्राणी सावध होतो. याला उपचार लागत नाहीत, पण ही प्रवृत्ती वंशात उतरते, म्हणून असा प्राणी कितीही देखणा असला तरी जोडीला लावू नये. दुसरे, अंगावर पांढरे ठिपके किंवा मानेवर पट्टा असलेले दोन प्राणी एकमेकांना लावू नयेत. ठिपक्याचे जनुक प्रभावी आहे, आणि ते दोन्हीकडून आलेले गर्भ पोटातच विरतात. म्हणजे सरासरी चौथा हिस्सा पिल्ले जन्मालाच येत नाहीत. ठिपकेवाला आणि साधा अशी जोडी लावली तरी निम्मी पिल्ले ठिपकेवालीच होतात, मग हा तोटा कशाला? काळा रंग अप्रभावी आहे, त्यामुळे मातकट रंगाच्या जोडीला काळी पिल्ले झाली तर दोघांमध्येही ते जनुक लपलेले होते असे समजावे. हे सगळे वहीत लिहा. आईबाप, जन्मतारीख, पिल्लांची संख्या, कोण कोणाकडे गेले, कोणाला झटके आले. माझी पहिली तीन वर्षे वहीशिवाय गेली, आणि त्यामुळे पुढे दोन उत्तम प्राणी एकमेकांचे नातलग आहेत की नाहीत हे न कळल्याने मला वापरता आले नाहीत.

आणि जोडी लावण्याआधी घरे शोधा. नर-मादी सतत एकत्र ठेवली तर महिना-सव्वा महिन्याला एक वेत येते. सहा वेते आणि दर वेती पाच पिल्ले धरली तरी एका जोडीची वर्षाला तीस पिल्ले होतात, आणि ती तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. जर्बिल तीन-चार वर्षे जगतो, म्हणजे आठवीतल्या मुलाने हौसेने नेलेला प्राणी त्याच्या बारावीपर्यंत घरात असतो. मी प्रत्येक वेतासाठी आधी तीन घरे नक्की करतो, पिल्ले दोन-दोन एकाच लिंगाची म्हणूनच देतो, सोबत त्यांच्या टाकीतला ओंजळभर भुसा देतो म्हणजे नव्या जागी ओळखीचा वास राहतो, आणि न जमल्यास परत आणावे असे सांगून ठेवतो. विक्रीच करायची असेल तर २०१८ चे पाळीव प्राणी दुकानांविषयीचे नियम उंदीरवर्गीय प्राण्यांनाही लागू आहेत आणि त्यांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, हे माहीत असू द्या. आणखी एक: आपल्या इमारतींत घुशी आणि उंदीर आहेतच, आणि लेप्टोस्पायरोसिस त्यांच्या लघवीतून पसरतो. म्हणून टाकी आणि धान्याचे डबे जमिनीपासून वर, घट्ट झाकणाचे ठेवा, आणि हाताळणीनंतर हात साबणाने धुवा, मुलांनी तर नक्कीच.

राहिला तिसरा प्रश्न. ड्यूप्रासी हा उत्तर आफ्रिकेच्या सहारा भागातला, शेपटीत चरबी साठवणारा, शांत प्राणी आहे. तो एकटा राहतो, त्याला सोबत लागत नाही, आणि किडे हा त्याच्या आहाराचा मोठा भाग असतो. त्याची हवेची गरज जर्बिलसारखीच कोरडी आहे, त्यामुळे तुमचा पहिला पावसाळा आर्द्रतामापकाच्या साक्षीने नीट पार पडला तर तो तुम्ही सांभाळू शकाल. चिंचिला मात्र अँडीज पर्वतातला, २५ अंशांच्या वर त्रासणारा. त्याचा विचार आपल्या हवेत करू नये असे मला मनापासून वाटते. शिवाय जंगली चिंचिला सायटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, फक्त पाळीव वंश त्यातून वगळलेला आहे. कोणताही विदेशी प्राणी घेताना तो येथेच जन्मला आहे का, त्याचे आईबाप पाहता येतील का, हे विचारा. सायटिसच्या यादीतल्या प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आणि विमानाने सामानात लपवून आणलेले प्राणी बाजारात येतात हेही खरे आहे. अशा प्राण्याची किंमत मोजली की पुढच्या प्रवासाचे भाडे आपणच भरतो.

डेगू मी स्वतः पाळलेला नाही. एका मित्राचा डेगू दोन महिने माझ्याकडे होता, त्या काळात जे पाहिले तेवढे सांगतो. चिलीतला हा प्राणी दिवसा जागा असतो, अतिशय बोलका आणि हुशार असतो, चार-पाच जणांच्या गटात रमतो आणि नीट सांभाळल्यास सहा-आठ वर्षे जगतो. गर्भकाळ सुमारे ९० दिवसांचा आणि पिल्ले केसांसह, डोळे उघडूनच जन्मतात, त्यामुळे पिल्ले वाढवणे जर्बिलपेक्षा सोपे. अवघड आहे ते त्याचे खाणे. त्याचे शरीर साखर पेलू शकत नाही. फळाचा तुकडा, गाजर, मनुका, पोळीचा तुकडा अशा लाडाने त्याला मधुमेह होतो आणि काही आठवड्यांत डोळ्यांत मोतीबिंदू दिसू लागतो. ज्या घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण प्राण्याला काही तरी भरवतो, त्या घरात डेगू टिकत नाही. दुसरी अडचण उन्हाळ्याची, कारण डेगूला उकाडा सोसत नाही. म्हणून निर्णयाआधी एक करा: पुढच्या मे महिन्यात एका दुपारी बारा वाजता त्या खोलीतला एसी बंद करा, खिडक्या तुम्ही नेहमी ठेवता तशाच ठेवा, जर्बिल त्या दिवसापुरते दुसऱ्या थंड खोलीत हलवा, आणि चार वाजता तापमान वहीत लिहा. वीज गेल्यावर त्या खोलीत डेगूला जे सोसावे लागेल ते तुमच्यासमोर असेल. आकडा ३० च्या वर गेला तर डेगू आणू नका.